लादी, ब्रून आणि कल्हई

गेल्या महिन्यात भाची बंगळुरूहून चार दिवस राहायला आली. इंटिरियर डिझाइन शिकते. येताना मोबाइलमध्ये मुंबईत बघायच्या जागांची यादी घेऊन आली होती. अकरा जागा, त्यातले सात कॅफे, आणि त्यातले तीन जुन्या गिरण्यांच्या आवारात. "मावशी, तिथे ना, जुन्या लाद्या आणि इराण्याच्या खुर्च्या लावल्यात. एकदम भारी." मी म्हटलं, अगं, इराण्याच्या खुर्च्या बघायच्या तर इराण्याकडे जाऊ. त्या कॅफेत एका कॉफीच्या पैशात इराण्याकडे चौघांचा नाश्ता होतो.

तर शनिवारी सकाळी निघालो. अट एकच, जे दिसेल ते कुणी आणि कशाने केलं, हे विचारत जायचं.

सुरुवात व्हीटीपासून. (सीएसएमटी म्हणायला हवं, माहीत आहे. जीभ वळत नाही.) 1878 साली काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं, आणि आर्किटेक्ट म्हणून एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं नाव सगळीकडे असतं. पण ती दगडी पानं, माकडं, पक्षी? त्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. म्हणजे भाचीच्याच वयाची पोरं. मी एकोणीस वर्षं त्या स्टेशनवर उतरले आणि एकदाही मान वर केली नाही. गर्दीच्या वेळी फास्टमधून उतरणाऱ्या बाईची नजर फक्त पुढच्या बाईच्या पाठीवर असते.

तिथून फोर्टात न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत. मास्टर, साठे आणि भूता या आर्किटेक्टांची, 1930च्या दशकातली. दर्शनी भागावरची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. विमा कंपनीची इमारत, पण दगडात शेतकरी, कुंभार, सूत कातणारे. तेव्हा पैसेवाल्यांनाही आपल्या भिंतीवर काम करणारी माणसं हवीशी वाटायची. आता नव्या टॉवरच्या लॉबीत काय असतं? पाण्याची भिंत आणि "सर्व्हिस स्टाफने मागच्या लिफ्टने जावे".

पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा दगड लांबूनच दाखवला. करडा दगड कुर्ल्याचा, पिवळसर मालाडचा. भाचीला मालाड म्हणजे मॉल एवढंच ठाऊक. तिथे दगडाच्या खाणी होत्या म्हटल्यावर ती हसायलाच लागली.

एव्हाना भूक लागली होती. धोबीतलावला, मेट्रो सिनेमासमोर, कयानी हे इराणी हॉटेल. 1904 सालचं. संगमरवरी टेबलं, लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ आणि त्या खुर्च्या. ब्रून मस्का आणि दोन चहा सांगितले. ब्रून म्हणजे पावाचा कडक मिजाशीचा भाऊ. चहात बुडवल्याशिवाय मऊ येत नाही आणि वेळेवर बाहेर काढला नाही तर कपाच्या तळाशी जातो. भाचीचा गेला.

मग मी तिला खुर्ची उलटी करायला लावली. (वेटरने एक कटाक्ष टाकला, बोलला काही नाही.) बीच झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं, ही मिखाएल थोनेट या युरोपातल्या फर्निचर कारागिराची युक्ती. त्याची 1859 सालची चौदा नंबरची खुर्ची सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट यांत होते. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यात मावत. आता कळलं का मध्य युरोपातल्या असल्या खुर्च्या मुंबईतल्या चहाच्या दुकानांत कशा येऊन बसल्या? खोक्यांत भरून, बोटीने. सुटं करून पाठवायचं फर्निचर आजच्या कंपन्यांनी शोधलं अशी भाचीची समजूत होती. दिसायला नाजूक, पण चार पिढ्यांची वजनं पेललीत. माझंही धरून.

तिथून काळबादेवीमार्गे पायधुणीकडे. या भागातल्या पाट्या वाचत जाणं हा माझा आवडता उद्योग. लोहार चाळ, सुतार चाळ, कुंभारवाडा, तांबाकाटा. सगळे धंदे नावांत राहिले, माणसं गेली. लोहार चाळीत वायरी, पंखे आणि दिवे मिळतात. कुंभारवाड्यात कुंभार शोधून दाखवा. सौराष्ट्रातून आलेल्या ज्या कुंभारांना शहर वाढलं म्हणून दक्षिण मुंबईतून हलवलं, ते धारावीत गेले, आणि तिथल्या वस्तीलाही कुंभारवाडाच म्हणतात. आपल्या दिवाळीच्या पणत्या तिथल्या. आता धारावीचाही पुनर्विकास. घराच्या बदल्यात घर मिळेलही, पण भट्टी कितव्या मजल्यावर लावायची? एकाच माणसाला एका शहराने किती वेळा उठवायचं?

तांबाकाट्याच्या जवळच्या एका गल्लीत, फूटपाथवर, मला हवा होता तो माणूस बसलेला होता. कल्हईवाला. खड्ड्यात कोळसा, पूर्वीच्या चामड्याच्या भात्याऐवजी हाताने फिरवायचा पंखा. एका हॉटेलचं भलंमोठं पितळी पातेलं त्याने सांडशीत धरून निखाऱ्यावर फिरवत ठेवलं होतं. पातेलं तापल्यावर चिमूटभर नवसागर आत टाकला. भसकन पांढरा धूर. भाची खोकत मागे सरली, मी मात्र पुढे झाले, कारण तो वास म्हणजे आमच्या चाळीतली मे महिन्याची दुपार. मग कथलाची कांडी पातेल्याला नुसती टेकवली. एक थेंब वितळला. कापसाच्या बोळ्याने त्याने तो थेंब असा काही पुसत नेला की पिवळ्या पितळेवर चांदीची वाट उमटत गेली. दहा-बारा सेकंद, बस. तेवढ्यात हात फिरला नाही तर डाग पडतो. मग पाण्यात चर्र.

"हे कशासाठी?" भाचीने विचारलं. मी सांगणार तेवढ्यात तोच म्हणाला, "नाहीतर आमटी कळकते ना." कळकणे! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. स्टीलची भांडी आली आणि शब्दही माळ्यावर गेला. चिंच-कोकमाचं आंबट आपल्या स्वयंपाकात, ते उघड्या पितळेत कळकतं म्हणजे बिघडतं, म्हणून कल्हई लागते. कल्हई लागते म्हणून हा माणूस लागतो. खाणं एकीकडे, इमारती दुसरीकडे, कारागिरी तिसरीकडे, असले वेगवेगळे कप्पे फक्त त्या मोबाइलच्या यादीत असतात.

मध्यंतरी त्या गल्लीचं सुशोभीकरण झालं म्हणे. नव्या पेव्हरब्लॉकवर कोळसा चालत नाही म्हणून त्याला दोन महिने उठवलं होतं. त्याच सुशोभित भिंतीवर आता पारंपरिक कारागिरांची रंगीत चित्रं आहेत. चित्रात भाता आहे. मला तिथे हसावं की रडावं कळेना.

माझा राग इथे आहे. 2018 साली ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको शैलीतल्या इमारती जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. उत्तमच झालं, मीही तेव्हा स्टेटस टाकलं होतं. पण आपण फक्त चेहरे वाचवतो. तो चेहरा घडवणारा, डागडुजी करणारा, त्या शहराला जेवू घालणारा हात कुठे बसणार, याचा विचार कुठल्याच यादीत नाही. आणि चेहरेसुद्धा ठरावीकच. दादर हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क, माटुंग्याचे पाच बगीचे इथल्या 1930-40 मधल्या कितीतरी इमारती त्याच आर्ट डेको घराण्यातल्या. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, जिन्याच्या गजांत उगवता सूर्य. आपण तिथे जन्म काढले आणि त्याला "जुनी बिल्डिंग" म्हटलं.

आमचीही तसलीच. 1939ची. गेल्या वर्षी पाडली. खोटं कशाला बोलू, संमतीपत्रावर माझी सही आहे. आईचे गुडघे गेलेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुन्हा विचारलं तरी सही करेन. पण लाद्या तरी काढून ठेवा, अशी मी बिल्डरच्या माणसाला चार वेळा विनंती केली. त्याने चारही वेळा "हो मॅडम" म्हटलं आणि पाचव्या वेळी गेले तर घण चालू होता.

या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात, हे मलाही तेव्हा नव्याने कळलं. साच्यात धातूची नक्षीदार चौकट ठेवतात, तिच्या एकेका खणात एकेक रंग ओततात. पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड, रंग. चौकट अलगद उचलली की रंग एकमेकांत मिसळत नाहीत, नुसते भेटतात. वर साध्या सिमेंटचा थर, मग दाब, मग पाण्यात मुरवणं. परदेशी लाद्यांना उत्तर म्हणून सिधवा या पारशी कुटुंबाने 1922 साली त्यांची स्वदेशी कंपनी काढली, ती आजही चालू आहे. आमच्या लाद्या त्यांच्याच होत्या का, मी सांगू शकत नाही. पण ऐंशी वर्षं रोज ओल्या फडक्याने पुसून त्यांना जी झळाळी आली होती, ती कुठल्याच कारखान्यातून मिळत नाही. ती माझ्या आजीची आणि कामाला येणाऱ्या सुमनबाईंची.

मुकादमाने दया येऊन बारा लाद्या काढू दिल्या. सात धड निघाल्या. भाचीने घरी आल्यावर त्या जमिनीवर मांडल्या, नक्षी जुळवायचा प्रयत्न केला. चार जुळल्या, एक फूल पूर्ण झालं. बाकीच्या तीन वेगवेगळ्या खोल्यांतल्या निघाल्या. मग आम्ही पंखा लावून, पाय पसरून, येताना दादरहून आणलेलं पियुष प्यायलो. तिच्या यादीतली एकही जागा झाली नव्हती, आणि तिने ते काढलंही नाही.

तो कल्हईवाला गुरुवारी नक्की असतो म्हणाला. आईची दोन पातेली, एक सतेलं आणि आजीचा बंब... नाही, बंबाला कल्हई नको. तर येत्या गुरुवारी सकाळी दहाला टॅक्सीने निघतेय. दादर-माटुंग्यातल्या कुणाची भांडी द्यायची असतील तर बुधवारी रात्रीपर्यंत आणून ठेवा. डिकीत जागा आहे. भांड्याखाली नाव लिहून चिकटवा, मागच्या खेपेला दोन घरांची अदलाबदल झाली होती.