लुडबुड की ढवळाढवळ?

"ताई, तिकडे बसून आमच्यात लुडबुड करू नकोस. आम्हाला परदेशी हस्तक्षेप नको." धाकट्या मावसभावाचा हा मेसेज घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तेव्हा मी कॅनडातल्या मिसिसॉगात कामावर जायच्या बसमध्ये होते. वाद पहिलीपासूनच्या हिंदीचा होता. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, 17 जूनच्या नव्या निर्णयात शब्द जरा मवाळ झाले आणि 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. त्या दिवसांत मी एवढंच लिहिलं होतं, की फ्रेंच ही कॅनडाची राजभाषा असूनही आमच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या इंग्रजी शाळांत ती सक्तीची होते चौथीपासून. सहा वर्षांच्या पोराला आधी एका भाषेत नीट वाचू द्या.

'लुडबुड' मी ऐकून घेतली. मोठी माणसं कामात असताना पोर पायात येतं, ती लुडबुड. त्रास होतो, पण त्यात कपट नसतं. 'परदेशी हस्तक्षेप' मात्र लागलं. मी राहते त्या देशात या शब्दांना फार वजन आहे आणि ते कुणावरही असे भिरकावू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आपला 'हस्तक्षेप' हा एकच शब्द इंग्रजीतल्या निदान दोन शब्दांचं, इंटरव्हेन्शन आणि इंटरफिअरन्सचं, ओझं वाहतो. हे मला कळलं ते मुलाच्या शाळेच्या पत्रामुळे. तो पहिलीत होता. पत्रात लिहिलं होतं, त्याच्यासाठी 'रीडिंग इंटरव्हेन्शन' सुरू करत आहोत. माझ्या डोक्यात इंटरव्हेन्शन म्हणजे हस्तक्षेप. नवरा तर भडकलाच, "आपल्या घरात कोणती भाषा बोलायची ते आता हे सांगणार?" दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. बाईंनी मला बुटक्या टेबलापाशी बसवलं. मुलगा इंग्रजी 'बी' आणि 'डी'त गोंधळायचा. बाईंनी त्याच्या दोन्ही मुठी समोरासमोर ठेवल्या, अंगठे वर केले आणि म्हणाल्या, ही बघ खाट, बेड. डावा हात 'बी', उजवा 'डी'. तो कितीतरी वेळ आपल्या मुठींकडे बघत राहिला. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, एवढंच ते इंटरव्हेन्शन. अडलेल्याच्या मदतीला मध्ये पडणं.

इंटरव्हीन म्हणजे मुळात मध्ये येणं. भांडण सोडवायला येतात तसं, आणि कोर्टात तिसरा पक्षकार येतो तसंही. इंटरफियरचं मूळ एकमेकांवर आपटण्यात आहे. चालताना घोड्याचा खूर त्याच्याच दुसऱ्या पायाला लागतो, त्यालाही हाच शब्द आहे. आणि नाक खुपसण्याला इंग्रजीत म्हणतात तो 'मेडल' (meddle)? जुन्या फ्रेंचमधून आलेला, अर्थ मिसळणं, कालवणं. म्हणजे थेट आपली ढवळाढवळ! मराठीने आणि फ्रेंचने एकमेकांना न विचारता तीच क्रिया पकडली, कारण अनुभव तोच आहे: शांत भांड्यात कुणीतरी बाहेरचा डाव घालतो आणि तळाचा गाळ वर येतो.

आता कॅनडाचं. डिसेंबर 2020 मध्ये पंतप्रधान ट्रुडो दिल्लीच्या शेतकरी आंदोलनाबद्दल उघडपणे बोलले. भारताने त्यांच्या उच्चायुक्तांना बोलावून ठणकावलं, हा आमच्या अंतर्गत बाबींतला न खपणारा हस्तक्षेप आहे. इंग्रजी शब्द इंटरफिअरन्स. सप्टेंबर 2023 मध्ये कॅनडाने न्यायाधीश मारी-जोझे होग यांचा चौकशी आयोग नेमला, त्याच्या नावातही तोच शब्द. तिथला आरोप मात्र 2019 आणि 2021 च्या निवडणुकांत परक्या देशांनी छुपेपणाने हात घातल्याचा होता. त्यात मुख्यतः चीनचं आणि भारताचंही नाव आलं. जानेवारी 2025 मध्ये अंतिम अहवाल आला. भारताने आरोप फेटाळले आणि उलट कॅनडाच आमच्यात हस्तक्षेप करतो असं सुनावलं. एकाने व्यासपीठावरून बोललेलं वाक्य आणि दुसऱ्याने पडद्याआड केल्याचा आरोप असलेलं काम, दोन्हींवर एकच शिक्का. आयोगाच्या फ्रेंच नावात 'अँजेरॉन्स' आहे. फ्रेंचमध्ये रेडिओच्या खरखरीला 'अँतेरफेरॉन्स' म्हणतात आणि दुसऱ्याच्या कारभारात घुसण्याला हा वेगळा शब्द. मला हा नेटकेपणा आवडतो.

कॅनडाच्या गुप्तचर संस्थेचा 1984 चा कायदा तर 'इंटरफिअरन्स' हा शब्द बाजूलाच ठेवतो. परक्याच्या प्रभावाखालची कृती देशाला घातक हवी आणि शिवाय छुपी, फसवी किंवा कुणाला धमकावणारी हवी, अशी त्याची कसोटी आहे. ती मला पटते. मी ग्रुपवर नावानिशी लिहिलं, खोटं लिहिलं नाही, कुणाला धमकावलं नाही. उद्या मी टोपणनावाने पुण्यात अफवा पसरवल्या किंवा गुपचूप पैसे पाठवून मोर्चा उभा केला, तर भावाने मला खुशाल तो शब्द लावावा.

त्याची एक बाजू मात्र खरी आहे. निर्णय चुकला तर किंमत त्याची मुलगी मोजणार. माझं तिथे मतदान नाही, आणि नसावंच. म्हणून निकाल मी देणार नाही. पण ऐकायला काय हरकत आहे? हिंदीत दखल देणं म्हणजे मध्ये घुसणं. मराठीत दखल घेणं म्हणजे समोरच्याच्या बोलण्याकडे लक्ष देणं. मी त्याच्याकडे मराठीतली दखल मागत होते, हे त्याला त्याच रात्री लिहिलं. उत्तर आलं नाही.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. मुलगी पहिलीत गेलीय, 'घ' आणि 'ध'मध्ये घोटाळा करते. "ताई, त्या तुझ्या बाई मुठी धरून काय करायच्या गं?" मराठीत मुठींचा उपयोग नव्हता. मी व्हिडिओ लावला, वही कॅमेऱ्यापुढे धरली, 'घ'च्या डोक्यावर रेघ पूर्ण ओढली आणि 'ध'ची अर्ध्यात तोडली. तिकडून पोरगी ओरडली, "याचं छप्पर फुटलंय!"