समतोल उजवीकडे सरकतो

सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नुकताच तपासून हातावेगळा केला. हायड्रोजन आणि आयोडिन यांच्यापासून हायड्रोजन आयोडाइड वायू तयार होत असताना बंद पात्रातील मिश्रणावरचा दाब वाढवला, तर समतोलावर, म्हणजे पुढची आणि मागची अभिक्रिया सारख्याच वेगाने चालते त्या स्थितीवर, काय परिणाम होईल, असा एक साधा प्रश्न त्यात होता. दोन्ही बाजूंना वायूचे दोन-दोन मोल आहेत, त्यामुळे समतोल जागचा हलत नाही. परंतु एकामागून एक उत्तरपत्रिकेत, त्याच शब्दांत आणि त्याच स्वल्पविरामासह, एकच वाक्य भेटत गेले: ‘दाब वाढवला, की समतोल उजवीकडे सरकतो.’ चौकशी केली तेव्हा समजले, की एका रात्रीत संपूर्ण रसायनशास्त्र शिकवण्याचा दावा करणारी कुणाची तरी चार पानी टिपणे सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरत आहेत आणि हे त्यांतले ब्रह्मवाक्य आहे. इतक्या निस्सीम श्रद्धेपुढे हात टेकणे भाग आहे. म्हणून या पंथाला नव्याने लागू पाहणाऱ्यांसाठी उजळणीची काही पथ्ये येथे देत आहे.

सर्वप्रथम रंगीत पेने जमवावीत आणि महत्त्वाच्या ओळी रंगवाव्यात. सर्वच ओळी महत्त्वाच्या वाटू लागतील आणि पान आयोडोफॉर्मच्या साक्यासारखे पिवळेधमक होईल, तेव्हा धडा झाला असे समजावे.

सेंद्रिय अभिक्रिया केवळ नावाने ओळखाव्यात. आल्डॉल आणि कॅनिझारो ही दोन नावे पाठ असली म्हणजे झाले. इथेनाल पहिल्या वाटेने का जाते आणि बेन्झाल्डिहाइड दुसऱ्या वाटेने का, हे शोधण्यासाठी रेणूत अल्फा हायड्रोजन आहे की नाही, एवढे पाहावे लागते. परंतु त्यासाठी रेणूची रचना काढावी लागेल आणि तेवढा वेळ कोणाजवळ आहे? यंत्रणा लिहिताना वक्र बाण कोठूनही निघून कोठेही टेकावा. तो इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो हा बारकावा तपासनिसाने समजून घ्यावा, त्याला त्याचाच पगार मिळतो. पेरॉक्साइड हा शब्द दिसताच मार्कोव्हनिकोव्हचा नियम, म्हणजे दुहेरी बंधाच्या कोणत्या कार्बनला हायड्रोजन जोडला जातो ते सांगणारा नियम, उलटा करावा, मग समोर हायड्रोजन ब्रोमाइड असो वा हायड्रोजन क्लोराइड. क्लोराइडमधला बंध इतका बळकट असतो, की तेथे ती मुक्तमूलक साखळी नीट चालत नाही, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण ते चार पानांत नाही, म्हणजे ते नाहीच.

एकके लिहू नयेत. उत्तरात आकडा आहे ना?

पीएच काढताना सूत्रात आकडे घालावेत आणि कॅल्क्युलेटर जे सांगेल ते मुकाट्याने उतरवावे. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०⁻⁸ मोलर द्रावणाचा पीएच ८ आला, म्हणजे केवळ पाणी घालत गेल्याने आम्लाचे अल्कली झाले, तरी विचलित होऊ नये. पाण्याचे स्वतःचेही हायड्रोजन आयन असतात, ते मोजले की २५ अंश सेल्सिअसला उत्तर ७ च्या किंचित खाली, सुमारे ६.९८ येते, असल्या शंका झोप उडवतात.

समतोलाच्या धड्यासाठी तर ब्रह्मवाक्य तयारच आहे, त्यामुळे बदल घडवला की समतोल तो बदल कमी करणाऱ्या दिशेला सरकतो, हे ले शातलिए या गृहस्थाने १८८४ साली नेमके कसे म्हटले ते पाहण्याचे कारण उरत नाही. उत्प्रेरक घातला? उजवीकडे. स्थिर आकारमानाच्या पात्रात आर्गॉन सोडला? उजवीकडे. तापमान वाढवले? अर्थातच उजवीकडे, अभिक्रिया उष्मादायी का असेना. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवणाऱ्या हेबर प्रक्रियेत ४५० अंश सेल्सिअस, २०० वातावरण दाब आणि लोखंड ही त्रयी आरतीसारखी म्हणावी आणि पुढे ‘तापमान जास्त ठेवल्याने अमोनिया जास्त मिळतो’ असे बिनदिक्कत लिहावे. या वाक्याने मात्र माझा संयम सुटला हे मान्य केले पाहिजे. अमोनियाचे दोन मोल तयार होताना सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे तापमान वाढवले की समतोल मागे जातो, समतोल स्थिरांकच घटतो आणि अमोनिया कमी मिळतो. तरीही ४५० अंश का, तर थंड ठेवल्यास अभिक्रिया इतकी मंद चालते, की तो जास्तीचा अमोनिया हाती येईपर्यंत कारखाना बंद करावा लागेल. ही तडजोड आहे, आणि सगळा प्रश्न त्या तडजोडीवरच बेतलेला असतो! उत्प्रेरक पुढची आणि मागची अशा दोन्ही अभिक्रियांचा वेग सारखाच वाढवतो, म्हणून समतोल लवकर येतो पण येतो तो त्याच जागी. स्थिर आकारमानात निष्क्रिय वायू सोडल्याने एकूण दाब वाढतो, परंतु अभिक्रियेतील वायूंचे आंशिक दाब तसेच राहतात, म्हणून काहीही हलत नाही. यातले पाठ करण्यासारखे काय आहे? काहीही नाही. आणि तरीही हे सर्व पाठ केले जाते, तेही चुकीचे.

विश्लेषण हा विषय प्रात्यक्षिकाच्या वहीचा असल्यामुळे त्याची उजळणी करू नये. अल्डिहाइड म्हटले की फेहलिंगच्या द्रावणाचा लाल साका, इतके पुरे. बेन्झाल्डिहाइड टोलेन्सच्या अभिकारकाला चांदीचा आरसा देते पण फेहलिंगला दाद देत नाही, हा त्याच्या स्वभावाचा दोष समजावा.

पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल सापडले नाही तर खुशाल हायड्रोक्लोरिक वापरावे, क्लोराइडचे ऑक्सिडीकरण होऊन क्लोरिन निघाल्यास ब्युरेटचे वाचन चुकेल एवढेच.

आणि द्रावणातले धातूंचे आयन गटागटाने साका पाडून ओळखायचे, त्या धनायनांच्या गटांचा क्रम तर डोळे झाकून पाठ करावा. तिसऱ्या गटासाठी आधी अमोनियम क्लोराइड, मग अमोनियम हायड्रॉक्साइड. का? वहीत तसे आहे म्हणून. याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने मला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की क्लोराइड ‘द्रावण शुद्ध करण्यासाठी’ घालतात. ज्याने आदल्या दिवशी समआयन परिणामाची व्याख्या शब्दशः लिहून दाखवली होती, तोच हा! अमोनियम आयन आधीच भरपूर असले, की अमोनियम हायड्रॉक्साइडचे आयनीभवन दबते, हायड्रॉक्साइड आयन मोजकेच राहतात आणि तेवढ्या आयनांनीच लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम खाली बसतात. मँगनीज, मॅग्नेशियम यांचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे साका पडू लागण्याची मर्यादा, तेवढ्याने ओलांडला जात नाही म्हणून ते द्रावणातच राहतात. दुसऱ्या गटात हायड्रोजन सल्फाइड आम्लाच्या उपस्थितीत सोडतात तेही याचसाठी: सल्फाइड आयन दबले, की तांब्याचा सल्फाइड साकळतो आणि जस्ताचा साकळत नाही. परीक्षानळीत जो समतोल डोळ्यांसमोर घडतो तो तुम्हाला दिसत नाही, कारण तो वेगळ्या वहीत आहे.

आता उपरोध पुरे. ती चार पाने ज्याने लिहिली त्याला रसायनशास्त्र येत नाही, आणि ती वाचून तुम्हालाही येणार नाही. पिवळ्या ओळींवरून डोळे फिरवून ‘झाले एकदा’ म्हणणे ही उजळणी नव्हे, ती स्वतःची फसवणूक आहे, आणि तुम्हाला ते ठाऊक असते, म्हणूनच तुम्ही जुनी प्रश्नपत्रिका आदर्श उत्तर शेजारी उघडे ठेवूनच ‘सोडवता’. ते उत्तर झाका. कोऱ्या कागदावर रेणू काढा, बाण काढा, दोन्ही बाजूंचे मोल मोजा. चुकले तर नेमके कोणत्या पायरीला चुकले ते शोधून तिथूनच पुढचे पुन्हा करा, सुवाच्य अक्षरात उत्तर उतरवून काढत बसू नका. शिक्षकांना विचारायला लाज वाटते आणि अनोळखी माणसाच्या टिपणांवर मात्र विश्वास बसतो, हा कुठला न्याय? आज बसून अमोनियम क्लोराइड आधी का घालतात ते पुस्तक न उघडता स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि नाही आले तर समतोलाचा धडा पहिल्या पानापासून काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.