अंड्यालाही लोकवर्गणी!

नोव्हेंबर २०२३ पासून झेडपी शाळेच्या पोरांना पोषण आहारात आठवड्याला एक अंडं मिळायला लागलं. एकच हो! तेही सरकारला जड झालं. जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय निघाला: अंडी, साखर हवी तर लोकसहभागातून जमवा. म्हणजे गुरुजींनी आधी मतदार याद्या करायच्या, मग सर्व्हे, आणि उरलेल्या वेळात अंड्यांसाठी वर्गणी मागत फिरायचं. शिकवायचं कधी, ते निर्णयात नाही. गणवेशाचं तर विचारूच नका. २०२४ ला म्हणे ‘एक राज्य, एक गणवेश’. आले तेही उशिरा, कुणाला ढगळ, कुणाला तोकडे. शेवटी गणवेशाचं काम सरकारकडून परत शाळा समितीकडेच! शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचं गाजर तर १९६६ च्या कोठारी आयोगापासून लटकतंय. परवा आमच्या समितीची बैठक आहे. विषय: अंडी.