उत्तर: ॲनलमेंटला 'चर्चचा डिव्होर्स' म्हणणाऱ्या दादांना

दादा, कमेंट वाचली. 'पैसेवाल्या कॅथलिकांचा मागच्या दाराने डिव्होर्स, आणि पोरं मात्र अनौरस, त्यापेक्षा सरळ कोर्टात जा' असं तुम्ही एका दमात उडवून लावलंत, म्हणून जरा लांब लिहितोय. (ॲनलमेंट म्हणजे लग्न मुळात वैध झालंच नव्हतं असा चर्चचा निर्णय.)

आधी पोरांचं, कारण हीच भीती घालून बायकांना गप्प बसवतात. कॅनन 1137, म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम, स्पष्ट आहे, वैध समजून केलेल्या लग्नातली मुलं औरसच, मग ट्रिब्युनल (चर्चचं न्यायालय) काहीही ठरवू दे.

आता फरक. कोर्ट बघतं लग्नानंतर काय झालं, ट्रिब्युनल बघतं वेदीसमोर 'हो' म्हटलं त्या दिवशी काय होतं. नवरा पंधरा वर्षांनी दारूला लागला तर तेवढ्यावर ॲनलमेंट मिळत नाही, पण व्यसन आधीपासून होतं नि ते फसवून लपवलं, किंवा घरच्यांनी धमकावून उभं केलं, किंवा मूल होऊच द्यायचं नाही असं एकाने आधीच ठरवलेलं, तर केस उभी राहते. शिवाय तिथे डिफेंडर ऑफ द बाँड असतो, त्याचं कामच मुळी लग्न टिकवायच्या बाजूने भांडणं!

पैशाचं म्हणाल तर 2015 मध्ये पोप फ्रान्सिसनी दोन ट्रिब्युनलांच्या एकसारख्या निकालाची सक्ती काढली आणि शक्य तितकं मोफत करा म्हणून सांगितलं. तरी साक्षीदार शोधा, जुन्या खासगी गोष्टी परक्यांना लिहून द्या, हे जीवघेणंच आहे, तिथे तुमचा राग पटतो.

पण 'सरळ कोर्टात जा' हे आपल्याकडे कधी सरळ होतं हो? ख्रिश्चनांसाठीचा 1869 चा इंडियन डिव्होर्स ॲक्ट, त्यात 2001 च्या दुरुस्तीपर्यंत नवऱ्याला बायकोचा नुसता व्यभिचार पुरेसा, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता नाहीतर सोडून जाणं दाखवावं लागणार असंच लिहिलेलं. परस्पर संमतीचं कलमही तेव्हाच आलं. उलट चर्चचा कागद कायद्याला चालत नाही, 1996 च्या मॉली जोसेफ केसमध्ये आधीचं लग्न फक्त ट्रिब्युनलने रद्द केलेलं म्हणून सुप्रीम कोर्टाने नंतरचं लग्नच बेकायदा ठरवलं, आणि 2017 मध्ये अशा निकालांना मान्यता मागणारी याचिकाही फेटाळली. (गोव्याचा पोर्तुगीजकालीन कायदा वेगळा, तो परत कधीतरी.) म्हणजे मोडलेल्या लग्नानंतर चर्चमध्ये परत लग्नाला उभं राहायचं तर कोर्टाचा नि चर्चचा, दोन्ही कागद लागतात.

आणि नुसता कोर्टाचा डिव्होर्स झालाय, दुसरं लग्न केलेलं नाही, तर तेवढ्यासाठी कम्युनियन (मिस्सेत पवित्र भाकर घेणं) बंद होत नाही. तुमच्या पॅरिशमध्ये कोणी बाईला तसं सांगून मागे बसवत असेल तर तिला थेट फादरना विचारायला सांगा.