विमानातली खोगीरभरती

"2026 पासून विमानात उभ्याने प्रवास! दोन तासांच्या आतल्या फ्लाइट्ससाठी. 20 टक्के जास्त प्रवासी, तिकीट निम्म्यावर, सेफ्टी टेस्ट पास!!" हा मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल, सोबत खोगिरासारख्या सीटांच्या रांगांचा तो फोटो. मे 2025 पासून फिरतोय आणि थांबायचं नाव नाही. खाली लोकांची जुंपलेली, एक पार्टी म्हणते माणसं आहेत की मेंढरं, दुसरी म्हणते स्वस्तात मिळत असेल तर तुमचं काय जातं. गंमत म्हणजे दोन्हीकडच्यांनी मेसेज खराच धरलाय, त्यामुळे जरा एकेक दावा सोलून बघू.

आधी फोटो. तो खरा आहे, पण विमानातला नाही, प्रदर्शनातला आहे. अ‍ॅव्हिओइंटिरियर्स नावाची इटलीची सीट बनवणारी कंपनी आहे, तिने 2010 मध्ये 'स्कायरायडर' नावाची कल्पना मांडली आणि 2018 मध्ये हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात तिची सुधारित आवृत्ती ठेवली. पुढच्या-मागच्या सीटमधलं अंतर 23 इंच. त्यात तुम्ही पूर्ण उभे नसता, खोगिरावर टेकलेले असता, काही भार पायांवर. 2010 मध्ये कंपनीच्या माणसाने काउबॉयचा दाखला दिला होता, ते नाही का तासन्‌तास घोड्यावर बसत! (घोड्यावर बसून मधुचंद्राला गोव्याला कोण जातं, हे कोणी विचारलं नाही.) आजवर एकाही एअरलाइनने ही सीट बसवलेली नाही, आणि 2025 मध्ये मेसेज फिरायला लागल्यावर खुद्द कंपनीनेच सांगितलं की बाबांनो हा प्रोटोटाइप होता, आमच्या कॅटलॉगमध्ये नाही. जी वस्तू विकायलाच नाही ती बसवणार कुठून?

आता "सेफ्टी टेस्ट पास". कुठली टेस्ट, कोणी घेतली, कुठल्या विमानासाठी, यातलं मेसेजमध्ये काहीही नाही. नुसतं दांड्याला धरून उभं राहणं तर बादच, टेकऑफ आणि लँडिंगला प्रत्येकाला मान्यताप्राप्त सीट आणि पट्टा लागतोच. खोगिराला पट्टा लावता येतो हे मान्य, पण मग ते खोगीर सीट म्हणून पास व्हायला हवं, म्हणजे पुढच्या दिशेने 16 जीचा (वजनाच्या सोळापट) आणि खालच्या दिशेने 14 जीचा धक्का सोसायला हवा, आणि त्यात पाठीच्या कण्यावर किती भार येतो ते मोजतात. चित्र छान काढलं म्हणून सर्टिफिकेट मिळत नाही.

पण खरी मेख "20 टक्के जास्त प्रवासी" या दाव्यात आहे, आणि तिकडे कोणी बघतच नाही. लोकांना वाटतं विमानात किती माणसं हे सीटवर ठरतं. ते ठरतं दारांवर. अर्धी दारं बंद धरून, अंधारात, सगळी माणसं 90 सेकंदांत बाहेर काढता येतात हे दाखवावं लागतं आणि त्यावरून त्या मॉडेलची कमाल संख्या ठरते. बोइंग 737-800 ची कमाल मर्यादा 189, आणि आयर्लंडच्या रायनएअर या स्वस्त विमान कंपनीच्या 737-800 मध्ये सीट किती? 189. म्हणजे साध्या सीटा टाकूनच मर्यादा गाठून झालेली आहे, त्यात तुम्ही खोगीर बसवा नाहीतर माणसं हँगरला टांगा, एकही जास्त घेता येणार नाही! आपल्याकडे इंडिगोच्या ए320 निओमध्ये 186 पर्यंत सीटा असतात, त्या विमानाची मर्यादा 195, म्हणजे जागा उरली नऊची. 20 टक्के वाढवले तर 223 होतात. आणि 189 च्या 197 करायच्या होत्या, फक्त आठ जास्त, तर बोइंगला 737 मॅक्सच्या 8-200 मॉडेलला पंखांच्या मागे दारांची एक जादा जोडी द्यावी लागली. ते विमान रायनएअरकडे आहे, आपल्याकडे आकासाकडे आहे. शिवाय 50 सीटांमागे एक केबिन क्रू लागतो, 200 च्या पुढे गेलात की पाचवा माणूस, त्याचा पगार, त्याचं हॉटेल. वाचवलेलं तिथेच गेलं.

तिकीट निम्म्यावर? एअरपोर्टची यूडीएफ (एअरपोर्ट वापरायची फी) आणि सिक्युरिटी फी माणशी लागते, तुम्ही बसा, उभे रहा, आडवे व्हा. इंधन हा आपल्याकडच्या विमान कंपन्यांचा सगळ्यात मोठा खर्च, त्यावर राज्याचा व्हॅट, महाराष्ट्राने 2023 मध्ये मुंबई-पुणे-रायगडला तो 25 वरून 18 टक्के केला तेव्हा तुमचं तिकीट किती उतरलं ते आठवून बघा. खर्च कमी झाला म्हणून भाडं उतरतं असं नसतं हो, गर्दी नसली की उतरतं. दिवाळीत पुणे-नागपूर बघा आणि पितृपक्षात बघा.

"लोकलला उभे राहतोच की." राहतो, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने पण बसतो. पण लोकल दर काही मिनिटांनी थांबते आणि दारात उतरता येतं. विमान अचानक हादरलं की बिनपट्ट्याचा माणूस सरळ छताला जाऊन आपटतो.

मग हे येतं कुठून? बराचसा मान रायनएअरचे प्रमुख मायकेल ओलिअरी यांचा. 2009 मध्ये म्हणाले टॉयलेटच्या दाराला नाणं टाकायची खाच करू, 2010 मध्ये म्हणाले मागच्या रांगा काढून माणसं उभी करू. दोन्हीतलं काहीच झालं नाही, पण फुकटची जाहिरात बघा किती झाली, पंधरा वर्षांनी आपण मराठीत बोलतोय. भडक काहीतरी बोलायचं, जगाने बोंब मारायची, आणि मग 29 इंच अंतराची सीट बिचारी माणुसकीची वाटायला लागते.

कारण चिमटा बसतो तो बसलेल्या माणसालाच, उभ्याला नाही. टॉयलेटला पैसे नाही लावले, टॉयलेटच चेपलं. ए320 मध्ये मागची टॉयलेटं शेवटच्या भिंतीला सरकवून सहा सीटा वाढवल्या, 180 च्या 186 अशाच झाल्या. आत वळता येत नाही, बेसिन आमटीच्या वाटीएवढं, हात धुतले की शर्ट धुतला जातो. सीट मागे जात नाही, तिला "प्री-रिक्लाइन्ड" म्हणायचं. गेल्या दिवाळीनंतर एका एअरलाइनच्या गेटवर (नाव राहू दे) माझ्या मावशीने चकलीचा डबा पिशवीतून काढून मांडीवर घेतला, कारण पिशवी 7 किलोच्या वर आणि जादा वजनाचे पैसे चकलीपेक्षा जास्त.

म्हणून बोंब मारायचीच तर पायांच्या जागेवर मारा. अमेरिकेत 2018 च्या कायद्याने सीटचं किमान माप ठरवायला सांगितलं, एफएएने (तिथल्या विमान वाहतूक नियामकाने) ओक्लाहोमात विमानातून बाहेर पडायच्या चाचण्या घेतल्या, निष्कर्ष काय तर 28 इंच अंतरातूनही माणसं वेळेत निघतात. चाचणीतली माणसं कोण? 18 ते 60 वयाची, धडधाकट. लहान मुलं नाहीत, म्हातारी माणसं नाहीत. आपल्याकडे एखाद्या सकाळच्या फ्लाइटला गेटवर व्हीलचेअरची रांग किती असते ती मोजा, आणि यातले किती जण त्या चाचणीत बसले असते ते सांगा.