धुऱ्यावरची चार झाडं आणि ‘एक किलोची सूट’

सोयाबीन काढणीच्या धांदलीत आमच्या तालुक्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. तो थोडक्यात असा: “गांजा म्हणजे आयुर्वेदातली विजया. कॅन्सर बरा करते. व्यसन लागत नाही, गांजाने आजवर कोणी मेला नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली बंदी आणली. २०२० मध्ये युनोनेही यादीतून काढला. उत्तराखंडात शेतकरी लावतात. आपल्याकडेही एक किलोपर्यंत सूट आहे. कापसाला भाव नाही, धुऱ्यावर चार झाडं लावा. प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा.”

माझं यवतमाळ जिल्ह्यात मेडिकल आहे. एका संध्याकाळी एका ओळखीच्या माणसाने काउंटरवर मोबाइल ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, हे खरं हाये काय? मायला केमोनंतर लय उलट्या होतात. ते गांजाचं तेल भेटन काय तुमच्याकडे?” त्याच्या मायकडे शेवटी येतो. आधी धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे, कारण या मेसेजने सगळ्यात लवकर कोणाचं घर बसेल तर ते शेवटच्या दोन ओळींनी.

एक किलोचा आकडा हवेतला नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलोपर्यंत आणि ‘व्यावसायिक मात्रा’ वीस किलोंच्या वर धरतात. पण अल्प म्हणजे माफ, हे कोणी सांगितलं? एक किलोच्या आत सापडला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर वीस किलोंपर्यंत दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिक मात्रा निघाली तर दहा वर्षांच्या खाली शिक्षाच नाही, ती वीसपर्यंत जाते, आणि जामीन मिळता मिळत नाही.

तेही झालं गांजा बाळगण्याचं. झाड लावलं की हिशेबच वेगळा. कलम २० मध्ये लागवडीला किलोची पायरीच नाही. धुऱ्यावर चार झाडं असोत की अर्धा एकर, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे ज्या सुटीच्या भरवशावर झाड लावायला सांगताहेत, ती झाडाला लागूच होत नाही. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून पंचनाम्यात मुळं, खोड, पाला सगळं मिळून तोललं, तर वकील कोर्टात वजनावर भांडतो. कधी त्याचा फायदाही होतो. पण लागवडीचं कलम त्याने हलत नाही.

आपल्याकडे ही झाडं कपाशीतल्या तुरीच्या तासात, म्हणजे ओळीत, लपवतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि वावर कोणाचं? सातबारा बापाच्या नावावर, वाहतो पोरगा, नाहीतर मक्त्याने दिलेलं तिसऱ्याच माणसाला. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत असं पीक दिसलं की जमीनधारकाने लगेच खबर द्यायची असते. माहीत असून गप्प बसला तर तोही शिक्षेला पात्र. कलम ४७ तीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर टाकतं. म्हणून मक्त्याने वावर देणाऱ्याने पेरणीनंतर एकदा तरी तासातून फिरून यावं.

उत्तराखंडाचं अर्धं खरं आहे. तिथे परवाना देतात तो धाग्यासाठी आणि बियांसाठी, आणि त्या झाडात नशेचा घटक, म्हणजे टीएचसी, ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. चिलमीत भरतात तो माल हा नव्हे. कायद्याचं कलम १४ अशा लागवडीला वाट देतं, पण सरकारच्या आदेशाने. बियांचं तेल आणि पीठ खाण्यात वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये नियमांत बसवलं, तेही टीएचसीची मर्यादा घालून. धाग्याचीच हौस असेल तर आपली अंबाडी आहे की. तिच्या एका जातीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, पान गांजाच्या पानासारखं दिसतं म्हणून. भाजी होते, वाख निघतो, आणि पोलीस येत नाहीत.

युनोचं म्हणाल तर डिसेंबर २०२० मध्ये मतदान झालं, २७ विरुद्ध २५. भारताने बाजूने मत दिलं. गांजा चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक, यादीतून निघाला आणि पहिल्या यादीत राहिला. त्याच यादीत अफू आणि मॉर्फिनही आहेत. औषध म्हणून अभ्यास करायला दार थोडं उघडलं, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेचा दबाव होता का? १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार होता, त्यात गांजाचा नशेसाठी होणारा वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदत होती, आणि त्यामागे पाश्चात्त्य देशांचा जोर होता हे मलाही मान्य. पण १९८५ च्या आधी सगळं मोकळं रान होतं, असं नाही. इंग्रजांच्या काळात आपल्या शेजारी खंडव्याकडे गांजा पिकायचा, तो परवान्याने आणि कर भरून.

‘व्यसन लागत नाही’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने रोज ओढणाऱ्याला आठ दिवस गांजाविना पाहिलेलं नाही. झोप उडते, भूक मरते, घरात भांडी आपटतात. ओढणाऱ्या दहांतल्या साधारण एकाला तो सुटत नाही, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी सुरुवात केली तर सहांतल्या एकाला. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी निघाले. त्यातल्या ७२ लाखांना या नशेपायी मदतीची गरज होती. ज्याला सोडायचं आहे त्याला कायद्यातच एक वाट आहे, ती मात्र मेसेजमध्ये नाही: स्वतःसाठी घेताना किंवा अल्प मात्रेसह पकडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर कलम ६४-अ त्याला खटल्यातून संरक्षण देतं.

‘कोणी मेला नाही’ यातलं खरं एवढंच की अफूसारखा गांजा श्वास बंद पाडत नाही. मेंदूत श्वास चालवणाऱ्या भागात त्याला चिकटायला जागा फार कमी आहे. बाकी ठिकाणी मात्र भरपूर आहे. आपल्या शरीरातच तशा कामाचं एक द्रव्य असतं, १९९२ मध्ये सापडलं तेव्हा त्याला संस्कृत ‘आनंद’ वरून आनंदामाइड नाव दिलं. टीएचसी त्याच कुलपात शिरतं, फक्त चावी काढत नाही. कोवळ्या वयात, त्यात घरात मानसिक आजार असेल तर, कानात आवाज येणं, भलता संशय घेणं इथपर्यंत मजल जाते. महाशिवरात्रीला भांगेची गोळी खाऊन “काही होऊनच नाही राहिलं” म्हणत दुसरी खाणारे मी दरवर्षी पाहतो. धूर काही मिनिटांत चढतो. पोटातून जायला तास-दोन तास लागतात, आणि वाटेत यकृत त्याचं आणखी जोरदार रूप करून टाकतं. मग तशातच मोटारसायकल चालवतात. शिवाय भांग एनडीपीएसमध्ये नसली तरी राज्याच्या दारूबंदी कायद्यात आहे.

विजया आयुर्वेदात आहे, बरोबर. पण वैद्य ती पाण्यात धुऊन, वाळवून, गाईच्या तुपात परतून शुद्ध करतात आणि मोजून देतात. औषध कायद्यात ती विषारी द्रव्यांच्या ई-१ यादीत आहे. अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हे छापावंच लागतं.

आता माय. कॅन्सर बरा होतो, याला माणसांवरचा आधार नाही. काचेच्या बशीत पेशी मेल्या, त्या बशीतल्या. मात्र केमोच्या उलट्यांवर टीएचसीची कृत्रिम गोळी अमेरिकेत १९८५ पासून आहे, आणि लहान मुलांच्या काही हट्टी फिटांवर शुद्ध सीबीडीला, म्हणजे गांजातल्याच पण नशा न आणणाऱ्या घटकाला, २०१८ मध्ये तिथे मान्यता मिळाली. मोजलेली मात्रा, डॉक्टरची चिठ्ठी. ऑनलाइन मिळणाऱ्या तेलाच्या बाटलीत काय आणि किती आहे, हे मी दुकानदार असून सांगू शकत नाही; शिवाय सीबीडी रक्त पातळ करणाऱ्या आणि फिटच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं.

मी त्याला विचारलं, उलटीची गोळी केमोच्या आधी देता की उलटी झाल्यावर? म्हणाला, “झाल्यावर.” दुखतं का? “रात्री झोपत नाही माय.” त्यावर कोणती गोळी? तर साधी अंगदुखीची.

याच एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली ती मॉर्फिनसारखी औषधं दुखण्याने तळमळणाऱ्यांना मिळावीत म्हणून. मान्यताप्राप्त दवाखान्यांना ती ठेवता येतात. तरी तालुक्यात ती दिसत नाहीत, आणि हे कोणी पुढे पाठवत नाही. मी बिलाच्या मागे दोन ओळी लिहून दिल्या: ‘उलटीची गोळी केमोच्या किती आधी? दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू करता येईल का?’ आणि सांगितलं, मंगळवारी नागपूरला जाल तेव्हा हा कागद डॉक्टरसमोर ठेवा. त्याने तो घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये सारला.