जाड भिंत, बुजवलेली भोकं आणि भूकंप: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. खानापूरचे नातेवाईक, वडगावची आमची गल्ली, शाळेतल्या मैत्रिणी, आणि चौथा ग्रुप गवंड्यांचा. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: "बेळगाव भागात भूकंपाची भीती नाही. तरी काळजी वाटत असेल तर घरामागची संरक्षक भिंत जाड करा, जड भिंतीला भूकंप हलवू शकत नाही. भिंतीतली पाण्याची भोकं सिमेंटनं बुजवा, त्यांनी भिंत पोकळ होते. भूकंपात जी भिंत हलली ती गेली समजा. जुनी भिंत कोयनेच्या भूकंपात टिकली असेल तर पुढेही टिकेल."

तीन ग्रुपवर मी गप्प बसले. गवंड्यांच्या ग्रुपवर तो आल्यावर मात्र राहवेना, कारण ही माणसं उद्या कुणाच्या तरी मागच्या अंगणात हे खरंच करतील. गेली बरीच वर्षं मी जांबोटीपासून निपाणीपर्यंत बांधकामांवर देखरेख करते आहे. आपल्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत सपाट प्लॉट मिळत नाही. उतार कापायचा, भराव टाकायचा आणि भिंतीनं तो धरून ठेवायचा, ही इथली रीतच. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"बेळगाव भागात भूकंपाची भीती नाही"

हे लवकर संपवते. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक म्हणजे आयएस १८९३. त्याच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत बेळगाव झोन ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात. कोयनानगर इथून सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर, निपाणीहून तर १३० च्या आसपास. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.५ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला, तोवर दख्खनचं पठार स्थिर आहे असंच सगळे धरून चालले होते. आणि किल्लारी? १९९३ पर्यंत तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. नकाशा पाहून निर्धास्त झोपायचं नसतं, हे शेजारच्या महाराष्ट्रानं दोनदा दाखवलंय.

"जड भिंतीला भूकंप हलवू शकत नाही"

सगळा गोंधळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

भूकंपात जमीन भिंतीच्या पायाला ओढते. वरची भिंत जिथल्या तिथे राहू पाहते. या ओढाताणीत भिंतीवर जे बळ येतं ते तिच्या वजनाच्या प्रमाणात असतं. वजन दुप्पट, तर ते बळही दुप्पट. बस अचानक सुटली की उभ्या माणसाला मागे झोक जातो, तसंच. अंगानं भारी माणूस झोक जाण्यापासून सुटतो का?

आकड्यांत बघू. तीन मीटर उंच दगडी भिंत, वर ६० सेंटिमीटर आणि तळाला १ मीटर ४० सेंटिमीटर रुंद. दर मीटर लांबीला तिचं वजन साधारण ७.२ टन. मागे कोरडा, दाबलेला मुरूम. एरवी तो मुरूम या भिंतीला दर मीटरला पावणेतीन टनांनी ढकलत असतो. पायाखालचं घर्षण वजनाच्या निम्मं धरलं तर भिंत ३.६ टनांपर्यंत जागा सोडत नाही. (पायापुढच्या मातीचा आधार यात धरलेला नाही.) रोजच्या दिवसाला हे पुरतं.

आता झोन ३ मधला एक धक्का घ्या, आडवं बळ वजनाच्या ८ टक्के. मागची माती अर्ध्या टनानं जास्त ढकलते. भिंतीचं स्वतःचं वजन आणखी जवळपास पावणेसहाशे किलो लावतं. म्हणजे भूकंपाच्या वाढीव बळातला मोठा वाटा मातीचा नसून भिंतीचा स्वतःचा आहे! शिवाय मातीचा एरवीचा दाब तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो, भूकंपाचा वाढीव दाब मात्र साधारण ६० टक्के उंचीवर. वरून ढकललं की माणूस लवकर कोलमडतो, भिंतही तशीच.

जाडी वाया जाते असं मी म्हणत नाही. जड भिंतीचं घर्षणही जास्त असतं, आणि हिशोबात ते धक्क्यापेक्षा भारी पडतं. पण एका अटीवर: सगळी भिंत एकसंध असली पाहिजे. किल्लारीत घरांच्या भिंती पातळ नव्हत्या. चांगल्या दोन-अडीच फुटी, त्याहूनही जाड होत्या. पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये मातीत टाकलेले गोटे, आणि दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. हादऱ्यात थर सुटे झाले, बाहेरचा बाहेर पडला आणि आतला झोपलेल्या माणसांवर. आपल्याकडच्या कित्येक 'जाड' संरक्षक भिंतींत आज तेच चाललंय. समोरून घडीव चिरा, पोटात डबर आणि काँक्रीटऐवजी चार घमेली पातळ माल. असली भिंत तीन फुटांची केली तरी ती एक भिंत होत नाही, दोन पातळ भिंती आणि मध्ये कचरा एवढंच.

कोयना धरणाचंही पाहा. १०३ मीटर उंचीचं, आपल्या भागात त्याहून जड बांधकाम शोधून सापडणार नाही. १९६७ मध्ये त्याच्या उंच भागांना भेगा गेल्या, त्याही जिथे धरणाची रुंदी एकदम कमी होते त्या पातळीला. पुढे त्या भागांना मागून काँक्रीटचा टेकू द्यावा लागला. धरण टिकलं, पण वजन होतं म्हणून भूकंपानं त्याला सोडलं नाही.

"पाण्याची भोकं बुजवा"

या ओळीसाठी हा मेसेज थांबवला पाहिजे. बाकीचं चुकीचं आहे, हे घातक आहे.

वरचीच तीन मीटरची भिंत घ्या. भोकं बुजली, पावसाळ्यात मागे काठोकाठ पाणी भरलं. मातीचा आणि पाण्याचा मिळून दाब होतो दर मीटरला सुमारे सहा टन. कोरडी असताना पावणेतीन, आणि भूकंपासकट पावणेचारच्या आसपास. म्हणजे तुंबलेलं पाणी एकटं, भूकंप न होता, भूकंपापेक्षा जास्त ढकलतं. मेसेजप्रमाणे भिंत दुप्पट जाड केली तर घर्षण ७.२ टन मिळेल, पण पाणी तुंबलेलं असताना त्याच हादऱ्याला एकूण बळ साडेसात टनांच्या वर जातं. दगडाचा खर्च दुप्पट करूनही जे साधत नाही ते शंभर मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप आणि फूटभर खडी करते.

भिजलेल्या भरावाचं भूकंपात काय होतं ते जपाननं १७ जानेवारी १९९५ ला पाहिलं. कोबे बंदराच्या धक्क्याच्या भिंती, एकेक काँक्रीटचा भलामोठा ठोकळा, समुद्राकडे सरासरी तीन मीटर सरकल्या, काही ठिकाणी पाच मीटर. मागची नि खालची माती झिजलेल्या ग्रॅनाइटची, आपल्या मुरमाच्या जातीतली, पाण्यानं भरलेली. हादऱ्यानं तिचे कण एकमेकांना सोडून गेले आणि ती घट्ट रश्शासारखी वागू लागली. आपल्या परसात बंदर नाही हे खरं, पण कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये भरावाची काय अवस्था असते हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

"भोकांनी भिंत पोकळ होते" याबद्दल: दीड-दोन मीटरवर एक, चार इंची पाईप. भिंतीच्या तोंडाचा शंभरावा भागही त्यात जात नाही.

खरं कारण मला एका गवंडीमामांनी सांगितलं, आणि ते मला पटतं. "ताई, भोक ठेवलं की शेजारच्यांच्या अंगणात पाणी जातंय. मग ते भांडण कुणी निस्तरायचं?" हा प्रश्न खोटा नाही. त्यावर उपाय भोक बुजवणं नाही, भिंतीच्या पायथ्याशी उतार देऊन गटार काढणं हा आहे.

आमच्या काकांच्या खानापूरच्या घरामागे मी हे जवळून पाहिलंय. भिंत बांधणाऱ्यानं पाईप टाकले होते, पण मागे खडी न घालता सरळ तांबडी चिकणमाती लोटली. खानापूरची माती कौलांना, मडक्यांना उत्तम, कारण ती पाणी धरते. त्याच कारणानं भिंतीमागे ती वैरी. दोन पावसाळ्यांत पाईप गाळानं भरले. मग काकूंना डाग दिसायला नकोत म्हणून कुणीतरी तोंडावर सिमेंट थापलं. वर पत्र्याचं पन्हळ नेमकं भिंतीमागच्या मातीत सोडलेलं. तिसऱ्या वर्षी मी ओळंबा सोडला तेव्हा वरच्या कडेला दोरी भिंतीला टेकलेली, आणि मधल्या थराला दगड चार बोटं पुढे येऊन दोरीला बाहेर ढकलत होता. दगडांच्या सांध्यातून हिरवं शेवाळ, आणि हात लावला की एप्रिलमध्येही ओल.

"हलली ती गेली"

उलट, भिंतीनं थोडं हलावं अशीच तिची रचना करतात. मोकळी, म्हणजे वरून न जखडलेली भिंत उंचीच्या हजारात एक ते चार भाग बाहेर सरकली, म्हणजे तीन मीटरला ३ ते १२ मिलिमीटर, की मागची माती स्वतःच्या घर्षणावर थोडी उभी राहते आणि दाब कमी होतो. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर जपानच्या मोनोनोबे आणि ओकाबे यांनी भूकंपातल्या दाबाचा जो हिशोब मांडला, जगभरचे अभियंते आजही जो वापरतात, त्यात भिंत एवढी हलू शकते हे गृहीतच आहे.

वरच्या उदाहरणात भूकंपाच्या क्षणी बळ ३.८ टन होतं आणि घर्षण ३.६. म्हणून भिंत पडते का? नाही. तो जोर क्षणाचा असतो, तेवढ्यात ती किंचित सरकते, जमीन उलट दिशेला गेली की थांबते. पुढच्या धक्क्याला आणखी थोडी. १९७९ मध्ये रिचर्ड्स आणि एल्म्स यांनी याच सरकण्यावर डिझाइन करायची पद्धत दिली: भिंत किती सरकलेली चालेल ते आधी ठरवा, मग तिचं वजन काढा. कोबेतही जुन्या दगडी, स्वतःच्या वजनावर उभ्या भिंती कोसळल्या, पण तानाता इथली, आत जाळीचे थर घालून बांधलेल्या भरावाची रेल्वेची भिंत सरकूनही उभी राहिली.

आपल्या शेतातल्या, सिमेंट-चुन्याशिवाय नुसते दगड रचलेल्या ताली आठवा. वीतभर इकडे तिकडे होतात, पाणी सांध्यांतून निघून जातं, पडलेले चार दगड शेतकरी पुन्हा बसवतो. कमी उंचीला त्या आजही चांगल्या.

हलायला जागा नसलेली भिंत वेगळी. बेळगावात आता इमारतींखाली पार्किंगची तळघरं होतात. त्यांच्या भिंती वर-खाली स्लॅबनं जखडलेल्या, त्यामुळे माती सैल होत नाही आणि रोजचाच दाब मोकळ्या भिंतीच्या दीडपट धरावा लागतो. तिथे परसातल्या भिंतीचा सळईचा तक्ता उचलून लावू नका.

"कोयनेत टिकली, पुढेही टिकेल"

आमची आजी सांगायची, त्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजली आणि सगळे अंगणात आले. म्हणजे धक्का इथेही जाणवला, पण जवळपास दोनशे किलोमीटरवरून, बराच विरून. आणि महिना कोणता? डिसेंबर. पाऊस संपून दोन महिने झालेले, भराव कोरडा. त्या भिंतीची परीक्षा झाली ती सोप्या पेपरावर. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरचा, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरच्या पहाटेचा. त्या दिवसांत आपल्या खानापूर तालुक्यात भिंतीमागची माती कशी असते?

शिवाय १९६७ ची भिंत आज तीच नाही. वर दुसरा मजला चढलाय, मागे पाण्याची टाकी आलीय, चुन्याचे सांधे धुतले गेलेत.

म्हणून मेसेज पुढे पाठवण्याआधी मागच्या दारी जा. ओळंबा सोडा. मधलं पोट पुढे आलंय का, आडवी भेग आहे का, पन्हळ कुठे सांडतं ते बघा. भेग असेल तर तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून चाललीय, आणि मग अभियंत्याला बोलवायचं. नवी भिंत बांधत असाल तर मागे फूटभर रुंद खडी, खडी आणि मातीमध्ये कापडी गाळणी, बाहेरच्या बाजूला उतार दिलेले पाईप, आणि भराव वीत-वीतभर थरांत दाबून. चिकणमाती नि पूर्वेकडची काळी माती भिंतीमागे नको. भिंतीच्या तोंडाच्या दर अर्ध्या चौरस मीटरला एक तरी आरपार दगड स्वतः उभं राहून घालून घ्या.

काकांच्या भिंतीची चौदा भोकं आम्ही मे महिन्यात पहारीनं मोकळी केली. नवव्या भोकातून तपकिरी पाणी आलं ते पाऊण तास थांबलं नाही. पन्हळ वळवलं, वरचा मीटरभर भराव काढून खडी घातली, पोट आलेला भाग उतरवून आरपार दगड घालून पुन्हा बांधला. गवंडीमामा तेच, भोकं बुजवायला सांगणारे. आता त्यांच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकलंय, ओळंब्याच्या फोटोसकट.